माहीम दोन, कार्ड एक

"तू वाक्य कापलंस. वाक्य कापलंस म्हणून गाव चुकलं."

मामा एवढेच बोलले आणि चहाचा कप त्यांनी खिडकीच्या कठड्यावर ठेवला. माहीमला, लेडी जमशेटजी रोडच्या आतल्या गल्लीत तळमजल्यावर त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. ३४ वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. शिकवता शिकवता जे वाचले, ऐकले, पाहिले ते सगळे वह्यांत उतरवले. लाल कापडी पाठीच्या, दोनशे पानी, एकरेघी वह्या. कपाटाच्या दोन फळ्या भरून ४१ आहेत. प्रत्येकीच्या कव्हरावर फक्त दोन तारखा, पहिल्या पानाची आणि शेवटच्या पानाची. विषय लिहिलेला नाही.

मी ग्रंथालयशास्त्र शिकले आणि गेली अनेक वर्षे कार्डांवर टिपणे काढते. पाच इंच बाय तीन इंचाचे जाड कार्ड, वर विषय, मध्ये मजकूर, खाली पुस्तकाचे नाव आणि पान. मामांच्या वह्यांतला माहीमविषयीचा मजकूर कार्डांवर उतरवायचे काम दोन वर्षांपूर्वी मीच मागून घेतले. ही चूक त्यातूनच झाली.

गेल्या महिन्यात एका छोट्या कार्यक्रमात मी माहीमच्या किल्ल्यावर बोलले. हातात कार्डे होती. त्यातल्या एकावर माझ्याच अक्षरात होते : "मराठ्यांनी माहीम घेतले. १७३९." मी ते वाचून दाखवले. मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, ते केळव्याचं माहीम."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. वसईच्या मोहिमेत १७३९ च्या सुरुवातीला चिमाजीअप्पांच्या फौजांनी पोर्तुगीजांकडून शिरगाव, केळवे, माहीम, तारापूर ही ठाणी घेतली. ते माहीम आजच्या पालघर जिल्ह्यातले. मुंबईचे माहीम तेव्हा इंग्रजांकडे होते, आणि साष्टी मराठ्यांकडे आल्यावर माहीमची खाडी हीच दोन सत्तांमधली हद्द झाली होती. माझ्या एका वाक्याने ती हद्दच पुसून टाकली.

घरी येऊन मी वही काढली. त्या ओळीच्या वरच्या ओळीत शिरगाव होते आणि खालच्या ओळीत तारापूर. दुसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन मामांकडे गेले.

"चूक कार्डाची नाही, माझी आहे," मी म्हणाले. "घाईत उतरवलं मी."

"घाई तुझी, पण घाईला वाट कार्डानं करून दिली. वहीत ती ओळ शिरगाव आणि तारापूर यांच्या मध्ये बसली होती. दोन्ही शेजारी ओळखीचे असले की मधला कुठला हे विचारावं लागत नाही. तू तिला एकटीला उचललंस आणि दुसऱ्याच गावात नेऊन बसवलंस."

"मान्य. पण ती ओळ वहीत कधीपासून होती? १९८६ पासून. इतक्या वर्षांत कुणाला सापडली?"

"मला सापडली असती."

"बघूया? माहीम कॉजवेबद्दल तुमच्या वह्यांत काय काय आहे?"

मामांनी आव्हान घेतले. चष्मा पुसला आणि वह्या काढायला लागले. त्यांची आठवण तारखांनी चालते. अमुक मे महिन्याच्या सुट्टीत वाचले होते, तमुक साली गणपतीत कुणीतरी सांगितले होते, असे म्हणत ते पाने उलटत होते. पाऊण तासात त्यांनी चार टिपणे काढली. मी पिशवीतून कॉजवेची कार्डे काढून पलंगावर मांडली. ती सात होती, आणि सातही त्यांच्याच वह्यांतली.

मामा वाकून वाचायला लागले. पहिल्या कार्डावर होते की लेडी जमशेटजींनी बांधकामासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले. दुसऱ्यावर, सरकारने या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही या अटीवर त्यांनी पैसे दिले. तिसऱ्यावर कॉजवे १८४५ साली पुरा झाला असे होते, पाचव्यावर १८४६ साली. दोन्ही साले छापील पुस्तकांतून घेतलेली, दोन वेगळ्या वह्यांत, मध्ये नऊ वर्षांचे अंतर.

"हे मी दोन्ही लिहिलंय?" मामांनी विचारले.

"दोन्ही तुमच्याच अक्षरात आहे. वहीत ती दोन सालं एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. इथे शेजारी आली, म्हणून भांडण दिसलं."

बराच वेळ ते ती दोन कार्डे हातात धरून होते. सुट्या कागदाचे काम एवढेच असते आणि ते साधे नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मनःस्थितीत केलेली दोन टिपणे एका जागी आणणे वहीला जमत नाही, कारण वहीत काळ शिवलेला असतो.

ही युक्ती जुनी आहे. झुरिकच्या कोनराड गेस्नरने सोळाव्या शतकात वाचकांना सांगून ठेवले होते की टिपणे कागदाच्या एकाच बाजूला लिहा, मग कात्रीने कापून हव्या त्या क्रमाने लावा. वनस्पतींना नावे देणाऱ्या लिनिअसला नवी झाडे येत राहिली तशी वहीतली जागा पुरेनाशी झाली, तेव्हा तो एकाच मापाच्या सुट्या चिठ्ठ्यांवर आला. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर चर्चच्या जप्त केलेल्या ग्रंथांची यादी करायची वेळ आली. १७९१ साली हुकूम निघाला की पत्त्यांच्या पानांच्या कोऱ्या पाठीवर एकेक पुस्तक नोंदवा. तेव्हाच्या पत्त्यांची पाठ कोरी असायची, कागद दमदार आणि माप सगळीकडे जवळपास एकच.

हे मी मामांना सांगत होते तेव्हा ते एकदम उठले आणि पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. त्यातून निघाला माहीम हलव्याचा जुना पुठ्ठ्याचा खोका. मी सातवीत असताना त्यांनी मला दिलेला. आत लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेले चौकोन होते. आईने ते कापले होते, मामांनी त्यावर किल्ल्यांची नावे लिहून द्यायची आणि मी ती जिल्ह्यांप्रमाणे लावायची, असा आमचा सुट्टीचा खेळ होता. एका चौकोनाच्या मागे अजून अर्धा गणपती आणि "आपली उपस्थिती" एवढी अक्षरे आहेत. माहीम हलव्याच्या पातळ वड्या जशा बटरपेपरमध्ये घालून एकावर एक ठेवतात, तशी ती कार्डे त्या खोक्यात बरोबर बसायची. मला कार्डांची सवय लावली ती वहीवर जीव असलेल्या या माणसाने, हे त्या दुपारपर्यंत मी विसरले होते.

"ते खेळापुरतं होतं," मामा म्हणाले. "किल्ल्यांची नावं सुटी करता येतात. विचार सुटा करता येत नाही."

मग त्यांनी आपली बाजू मांडली. ती मी जमेल तितकी त्यांच्याच शब्दांत देते, कारण या बाजूने बोलणारे आता फार कमी राहिले आहेत.

"आपल्याकडे सुटा कागद नवा नाही. पोथीची पानं सुटीच असतात. वर-खाली फळ्या, भोवती बासन. पण पोथीचं पान सुटं असलं तरी त्याचा क्रम सुटा नसतो. समासात आकडा असतो. एक पान हरवलं तर आकडा ओरडून सांगतो. तुझं कार्ड हरवलं तर कोण सांगणार?"

या प्रश्नापाशी मी थांबले, कारण याचे एक प्रसिद्ध उदाहरण मला ठाऊक होते आणि ते मामांच्या बाजूचे होते. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश जेम्स मरे यांनी चिठ्ठ्यांवर उभा केला. वाचकांनी पोस्टाने पाठवलेल्या चिठ्ठ्यांची संख्या पुढे पन्नास लाखांच्या घरात गेली. त्या गठ्ठ्यांत 'बाँडमेड' म्हणजे दासी या अर्थाच्या शब्दाची चिठ्ठी गहाळ झाली, आणि तो शब्द पहिल्या आवृत्तीत छापलाच गेला नाही. लक्षात आले ते खंड छापून झाल्यावर.

"बघ," मामा म्हणाले. "चिठ्ठी गेली आणि शब्द गेला. वहीचं पान फाटलं तर निदान दोऱ्याला कागदाचा तुकडा लटकत राहतो."

"पण ग्रंथालयाच्या खणात सळई असते, मामा. कार्डाला खाली भोक असतं, त्यातून सळई जाते. स्क्रू काढल्याशिवाय कार्ड निघत नाही."

"म्हणजे शेवटी तुम्हीही बांधूनच ठेवता."

त्यांनी पुढे बाडांची गोष्ट काढली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडे गावोगाव हिंडून गोळा केली. १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली ती त्यांनीच. बाड म्हणजे कीर्तनकाराची, मठाची जवळची वही. त्यात रामदासांच्या ओव्यांशेजारी दुसऱ्या कुणाचा अभंग, मध्येच एखादे पद, मध्येच औषधाचा उतारा. आज कुणी ते बाड उसवून रामदास एका खणात, एकनाथ दुसऱ्या खणात असे लावले तर यादी सुंदर होईल. पण त्या मठात कशानंतर काय म्हटले जात होते, ते कायमचे जाईल.

"कुठलं कशाच्या शेजारी लिहिलंय, हीसुद्धा माहितीच असते," मामा म्हणाले. "संताजी जगनाड्यांच्या वह्या बघ. वि. ल. भाव्यांनी त्यांवरून तुकोबांचा गाथा छापला. त्या वह्यांना किंमत आहे ती कुणी लिहिल्या, कुठल्या क्रमानं लिहिल्या याची. अभंग तर इतर ठिकाणीही मिळतात."

मला हे पटते. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हे कुणी शिकवले नव्हते. तिथे आम्हाला मेल्विल ड्यूई शिकवला. त्याच्या लायब्ररी ब्यूरोमुळे कार्डाचे माप ठरले, म्हणून मुंबईत बनलेले लाकडी खण आणि अमेरिकेत छापलेले कार्ड एकमेकांत बसते. सयाजीराव गायकवाडही शिकवले. त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांना नवे वळण दिले. तिथे सगळा जोर हव्या त्या वाचकाला हवे ते पुस्तक चटकन मिळण्यावर होता. पुस्तकासाठी ते योग्यच आहे, कारण पुस्तक आपला सगळा संदर्भ पोटात घेऊन येते. टिपण मात्र पुस्तकातून तोडून आणलेले असते.

मग तोडायचे कसे? याचे उत्तर मला पुण्यात मिळाले. मी मामांना डेक्कन कॉलेजविषयी सांगितले.

येरवड्याच्या बाजूला, जुन्या दगडी इमारतींच्या त्या आवारात संस्कृतच्या महाकोशाचे काम चालते. १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी ते सुरू केले. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ निवडले. वेद, व्याकरण, वैद्यक, काव्य, धर्मशास्त्र, शिल्प, गणित, काही म्हणून सोडले नाही. पंडितांनी ते ग्रंथ ओळीओळीने वाचले आणि शब्द वेचले. एका शब्दाच्या एका वापराला एक चिठ्ठी. असे पंचवीसेक वर्षे चालले. जमल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या. पत्र्याच्या खणांत त्या वर्णानुक्रमाने लावलेल्या आहेत. कोशाचा पहिला भाग १९७६ साली अ. म. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला. पस्तीसच्या आसपास खंड झाले तरी अजून पहिले अक्षर 'अ'च चालू आहे.

"एक कोटी?" मामांनी विचारले. इतिहासाच्या माणसाला आकड्याचे वजन लगेच कळते.

"एक कोटी. तीही हातानं लिहिलेली. पण मी सांगतेय ते आकड्यासाठी नाही. त्या चिठ्ठीवर काय असतं ते सांगते. वर शब्द असतो. मग ज्या वाक्यात तो आला ते वाक्य. ग्रंथाचं नाव, अध्याय, श्लोक किंवा पान-ओळ. टीकाकारानं काही अर्थ दिला असेल तर तोही. शब्द एकटा कधीच उचलत नाहीत, घरासकट उचलतात."

"म्हणजे शिरगाव आणि तारापूरसकट."

"हो, शिरगाव आणि तारापूरसकट."

मामांनी मान हलवली. मग मी पुढचे सांगितले. त्या चिठ्ठ्या एका शब्दाखाली काळाच्या क्रमाने लावल्या की शब्दाचे आयुष्य दिसते. वेदात त्याचा अर्थ काय होता, महाकाव्यात काय झाला, वैद्यकात कुठली वेगळी छटा आली, पुढे कुठला अर्थ गळला. एकेका ग्रंथाची वही करून हे दिसले नसते. पंधराशे वह्या झाल्या असत्या आणि शब्द पंधराशे ठिकाणी विखुरला असता. वाक्य कापून घेतल्याशिवाय हे घडत नाही, आणि वाक्य पुरते घेतल्याशिवायही घडत नाही.

पुण्यातच भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. १९१९ ते १९६६ एवढा काळ लागला आणि १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. तिथली रीत वेगळी होती. आखीव तक्त्याच्या वरच्या ओळीत श्लोक एकेका अक्षराला एकेक घर देऊन लिहायचा आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताचा पाठभेद त्या त्या अक्षराखाली भरायचा. विष्णु सीताराम सुकथनकरांनी ही शिस्त बसवली. मामांना हा तक्ता फार आवडला. तो सुटा असूनही बांधलेला आहे असे ते म्हणाले, आणि मला त्यापेक्षा नेमके वर्णन सुचत नाही.

संध्याकाळ झाली. मामी दिवा लावून गेल्या. मला वाटले वाद मिटला, पण मामांच्या मनात अजून एक होते.

"तुझी कार्डं या हवेत टिकणार नाहीत. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. कार्डं मऊ पडतात, कसर लागते, सळई गंजते आणि गंजाचा डाग अक्षरावर उतरतो. वहीला निदान कव्हर असतं."

"मामा, २६ जुलै आठवा."

ते गप्प झाले. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. या तळमजल्याच्या खोलीत पाणी गुडघ्याच्या वर होते. खालच्या फळीवरच्या सहा वह्या रात्रभर पाण्यात राहिल्या. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तरल्या यावर मामांचा पूर्ण विश्वास आहे आणि तो असावाच. पण या सहा वह्या तीन दिवसांत दगडासारख्या झाल्या. पाने एकमेकांना चिकटली, शाई पलीकडच्या पानावर उतरली. त्यातली दोन आम्ही चाकूच्या पात्याने एकेक पान सोडवत वाचवली, चार गेल्या. त्याच रात्री त्याच पाण्यात माझा कार्डांचा एक पत्र्याचा डबाही भिजला होता. ती कार्डे मी सुटी करून दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातली. त्यातली बहुतेक आजही वाचता येतात, कारण शिसपेन्सिलीने लिहिलेली होती. शाई पाण्यात पसरते, पेन्सिलीचे शिसे पसरत नाही. जुन्या ग्रंथपालांनी कार्डावरचे आकडे पेन्सिलीने घालायची सवय लावली, तिचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

"त्या चार वह्यांत काय होतं?" मी विचारले.

"१९९२ ते १९९५. एवढंच सांगता येईल. तारखा आहेत डोक्यात. आतलं गेलं."

वहीच्या बाजूने बोलता बोलता वहीविरुद्धची सगळ्यात मोठी साक्ष मामांनी अशी स्वतःच दिली. मला तेव्हा ते ऐकून वाईट वाटले आणि अजूनही वाटते. त्या चार वह्यांतले एखादे टिपण तरी कार्डावर उतरले असते तर आज आपल्या हातात असते.

माझा मामेभाऊ कामावरून आला आणि त्याने सरळ विचारले, "आता हे सगळं फोनवर का नाही? टाईप करा, शोधा, लगेच मिळतं."

त्याला मी 'पहा' कार्ड दाखवले. ग्रंथालयाच्या खणात अशी कार्डे असतात : "महिकावती. पहा : माहीम." एवढेच. राजवाड्यांनी १९२४ साली महिकावतीची बखर छापली तेव्हापासून बिंब राजाची कथा, महिकावती हे नाव, आणि ते नेमके कुठल्या माहीमला लावायचे हा प्रश्न, सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. कुणी माहीम लिहितो, कुणी माहिम, कुणी महिकावती, कुणी केळवे-माहीम. फोनला तुम्ही जे अक्षर द्याल ते अक्षर तो शोधून देईल. महिकावती आणि माहीम यांचा संबंध आहे, आणि माहीम नावाची गावे दोन आहेत, हे आधी कुणीतरी वाचून, थांबून, ठरवून लिहावे लागते. तो निर्णय कुठल्याही यंत्रात पडून राहत नाही, माणसाने तो घेऊन तिथे ठेवावा लागतो. एकदा घेतला की मग तो फोनमध्ये ठेवा, कार्डावर ठेवा, माझी हरकत नाही. डेक्कन कॉलेजच्या चिठ्ठ्यासुद्धा आता स्कॅन करून संगणकावर आल्या आहेत. पण संगणकावर आल्या त्या आधी कुणीतरी पंचवीस वर्षे वाचून लिहिल्या म्हणून.

मामेभावाने ते कार्ड उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे हे टिपण नाहीच. ही पाटी आहे, गल्लीच्या तोंडाशी लावलेली," तो म्हणाला. बरोबर ओळखले त्याने.

निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाची गोष्ट मी शेवटी काढली, ती मामांसाठी. त्याच्याकडे ९० हजार कार्डे होती. त्याने ती विषयांप्रमाणे लावलीच नाहीत. प्रत्येक कार्डाला क्रमांक दिला, आणि एकदा दिलेली जागा पुन्हा बदलली नाही. एखाद्या कार्डाला पुढचा विचार सुचला की त्याच क्रमांकाला अक्षर जोडून नवे कार्ड मागे घालायचे. लांबच्या कार्डाशी संबंध असेल तर त्याचा क्रमांक लिहून ठेवायचा.

"म्हणजे त्याची कार्डं वहीसारखी होती," मामा म्हणाले.

"हो. पण त्या वहीत मध्ये पान घालता यायचं."

त्यावर मामा हसले नाहीत. उठले आणि पहिल्या वहीचे पहिले पान उघडून मला दिले. "मग आता अट ऐक. माझ्या वह्यांतून तू कार्डं काढ. पण प्रत्येक कार्डावर वहीचा क्रमांक आणि पान लिही. वरची ओळ आणि खालची ओळ थोडक्यात लिही. आणि माझी वही उसवायची नाही."

मी तिथेच चुकीचे कार्ड दुरुस्त केले. खोडले नाही. "माहीम : किल्ला" यावर एक रेघ ओढली, वर "माहीम (केळवे)" लिहिले, आणि खाली भर घातली : "वही २३, पान ११२. वरची ओळ शिरगाव, खालची ओळ तारापूर." मग "माहीम (मुंबई)" च्या खणात एक नवे 'पहा' कार्ड ठेवले. पुढच्या वेळी १७३९ शोधत कुणी तिथे आले तर त्याला दुसऱ्या माहीमकडे जायची वाट दिसेल.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कार्डावर शेजारच्या ओळी असतात. कामाला दुप्पट वेळ लागतो. लागू दे. ज्या टिपणावर ते कुठून आणले हे लिहिलेले नाही, ते कितीही सुंदर अक्षरात असले तरी माझ्या लेखी निरुपयोगी आहे, आणि वही की कार्ड हा वाद त्याच्या नंतरचा आहे. मामा अजून वहीच्या बाजूचे आहेत. पण ४१ वह्यांची विषयसूची त्यांनी स्वतः करायला घेतली आहे, आणि ती कार्डांवर.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे, म्हणून ती वाचकांपुढे ठेवते. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयाचे लाकडी खण काही वर्षांपूर्वी विकले गेले. मी पोचले तेव्हा खण टेम्पोत चढत होते आणि कार्डे जमिनीवर ओतलेली होती. त्यांच्या पाठीवर ग्रंथपालांनी पेन्सिलीने घातलेल्या खुणा होत्या. पुस्तक कुणाच्या देणगीतून आले, कुठल्या साली बांधायला गेले, कुठली आवृत्ती हरवली, असे बरेच काही. पुस्तकांची यादी संगणकावर गेली होती, या खुणा गेल्या नव्हत्या. ओतलेल्या ढिगातून कुठले कार्ड कशाच्या शेजारी होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या घरी आजोबांचा, मावशीचा, एखाद्या शिक्षकाचा असा चिठ्ठ्यांचा डबा असेल तर तो रद्दीत देण्याआधी एवढे करा. चिठ्ठ्या ओतू नका. आहेत त्या क्रमाने एकेक उचला आणि मागे पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे घाला. डब्यावर काय लिहिले आहे ते टिपून ठेवा. सुतळीने बांधलेला गठ्ठा असेल तर तो गठ्ठा म्हणूनच ठेवा, रबर लावू नका, रबर मुंबईच्या हवेत वितळून कागदाला चिकटते. मग जवळच्या ग्रंथालयातल्या किंवा इतिहास मंडळातल्या जाणत्या माणसाला एकदा दाखवा. एका डब्याला एक दुपार पुरते.